जुनिपर नसलेली जिन

1729 साली ब्रिटिश पार्लमेंटनं जिनला वेसण घालण्यासाठी पहिला कायदा केला. किरकोळ विक्रीला वर्षाला 20 पौंडांचा परवाना, आणि जुनिपरची फळं किंवा तसलेच मसाले घालून सिद्ध केलेल्या दारूवर गॅलनमागे 5 शिलिंग कर, असं त्याचं स्वरूप होतं. जिन कशाला म्हणायचं हे ठरवताना कायदा करणाऱ्यांनी तिचा मसाला ही खूण धरली आणि तिथेच ते फसले. लंडनच्या दारू गाळणाऱ्यांनी जुनिपर घालणंच सोडून दिलं. धान्याची कोरी, उग्र दारू त्यांनी तशीच विकायला काढली. तिच्यात मसाला नव्हता, त्यामुळे तिला कर लागू होईना. लोकांनी कुचेष्टेनं तिचं नाव 'पार्लमेंट ब्रँडी' ठेवलं आणि ती खुशाल रिचवली. चार वर्षांनी, 1733 मध्ये, सरकारला कायदा गुंडाळावा लागला. हा प्रसंग सहसा कायद्याच्या फजितीचा नमुना म्हणून सांगितला जातो. मला त्यात त्याहून मोठी गोष्ट दिसते. ज्या जिनपायी लंडन झिंगलं असं आपण ऐकत आलो, तिच्यातून जिनचा जीव समजला जाणारा पदार्थच काढून घेतला, तरी पिणाऱ्यांनी तक्रार केली नाही. मग जुनिपर त्या दारूत नेमकं काय काम करत होतं? माझं उत्तर असं, की ते दुर्गंधावरचं झाकण होतं, आणि झाकण कुठलंही चालतं. जिच्यात जुनिपरची चव हेच पिण्याचं कारण असतं, ती जिन एकोणिसाव्या शतकात, खालची दारू स्वच्छ झाल्यावर जन्मली. नाव तेवढं जुनं राहिलं.

हे पटायचं तर आधी जुनिपरची ओळख करून घ्यायला हवी. आपल्याकडे आयुर्वेदात ही वनस्पती हपुषा म्हणून ओळखली जाते; चरकसंहितेत हपुषेचं घृत सांगितलं आहे, आणि गोव्यात गाळल्या जाणाऱ्या एका जिननं 'हपुसा' हे नाव तिथूनच उचललं आहे. जुनिपर हे देवदार-सुरूंच्या गोतातलं काटेरी झुडूप. त्याच्या निळ्या-काळ्या गोळीला सगळे फळ म्हणतात, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं तो मांसल झालेला शंकू असतो, आणि तो पिकायला दोन ते तीन वर्षं लागतात. वाळलेल्या गोळीत वजनाच्या एक-दोन टक्के तेल निघतं. त्या तेलात सर्वांत मोठा वाटा अल्फा-पायनीन या द्रव्याचा, साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत, कधी त्याहूनही जास्त. ओल्या चिराच्या (पाइनच्या) फळीला, राळेला जो वास येतो तो मुख्यतः याचा. त्याच्या मागे आंब्याच्या अनेक जातींत सापडणारा मिर्सीन, मिऱ्यात आणि जायफळात असणारा सॅबिनीन, लिंबाच्या सालीतला लिमोनीन हे येतात. ही सगळी टर्पीन कुळातली भावंडं आहेत: दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, फक्त मांडणी वेगळी. याखेरीज थोड्या प्रमाणात, पण चवीत मोठं काम करणारी टर्पिनेन-4-ऑल, अल्फा-टर्पिनिऑल यांसारखी ऑक्सिजन असलेली द्रव्यं असतात. त्यांचा वास मातकट, मसालेदार, किंचित फुलासारखा. पंधरा कार्बनांची जड मंडळी, म्हणजे कॅडिनीन, कॅरिओफिलीन वगैरे, तळाशी बसून वासाला टिकाऊपणा देतात. पायनीन कुठल्याही चिराच्या झाडात मिळतो. जुनिपरला जुनिपरपण येतं ते या बाकीच्या मंडळींमुळे, आणि इतिहासाची सगळी गंमत या फरकातच आहे.

युरोपात जुनिपर दारूत शिरलं ते औषध म्हणून. तेराव्या शतकात फ्लेमिश कवी याकोब व्हान मार्लांट यानं पोटदुखीवर जुनिपरची फळं पावसाच्या पाण्यात किंवा वाइनमध्ये उकळून घ्यायला सांगितली होती. 1552 साली अँटवर्पमध्ये छापलेल्या फिलिप्पुस हर्मानी याच्या ऊर्ध्वपातनाच्या पुस्तकात जुनिपरचा अर्क येतो. लायडनचे प्राध्यापक फ्रान्सिस्कुस सिल्व्हियस यांनी जिनचा शोध लावला, ही कथा अजून कित्येक बाटल्यांच्या कागदावर आणि पुस्तकांत टिकून आहे. पण सिल्व्हियस यांचा जन्म 1614 चा, आणि 1623 मध्ये छापलेल्या फिलिप मॅसिंजरच्या एका इंग्रजी नाटकात हे पेय 'जिनिव्हा' या जुन्या नावानं येतं. नऊ वर्षांच्या पोरानं ते शोधलं असणं कठीण आहे. लंडनमध्येही जुनिपरची दारू आधी औषधाच्याच वाटेनं आली. सॅम्युएल पेप्स या दैनंदिनीकारानं ऑक्टोबर 1663 मध्ये बद्धकोष्ठावर ती घेतल्याची नोंद केली आहे. हॉलंडची जुनिपरची दारू, येनेव्हर, मात्र औषधाच्या कपाटातून केव्हाच बाहेर पडली होती. राय आणि अंकुरवलेलं जव आंबवून तांब्याच्या भांड्यात पुन्हा पुन्हा गाळलेली, पावाच्या-धान्याच्या वासाची 'माल्टवाइन' हा तिचा पाया. ही माल्टवाइन स्वतःच पिण्याजोगी असे, आणि जुनिपर तिच्यात पाहुण्यासारखं थोडकं असे. येनेव्हरमध्ये जुनिपरला काही झाकावं लागत नव्हतं, म्हणून त्याचा आवाज हळू राहिला तरी चालत होतं.

इंग्लंडमध्ये हीच कल्पना गेली, पण माल्टवाइन गेली नाही. 1688 च्या सत्तांतरानंतर हॉलंडचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर आला, फ्रान्सशी युद्ध जुंपलं, फ्रेंच ब्रँडी बंद झाली आणि 1690 मध्ये इंग्लिश धान्यापासून दारू गाळायला उत्तेजन देणारा कायदा झाला. जमीनदारांना पडेल धान्याला गिऱ्हाईक हवं होतं, सरकारला अबकारी हवी होती, आणि दोघांनाही गाळलेली दारू कशी लागते याच्याशी कर्तव्य नव्हतं. लंडनमध्ये या धंद्याचे दोन भाग पडले. बडे माल्ट-डिस्टिलर कच्ची दारू पिंपांनी काढत. तिला पुन्हा गाळून, मसाला घालून विकणारे छोटे 'कंपाउंडर' गल्लोगल्ली बसले. त्यांच्याकडून ती किराणावाले, न्हावी, हातगाडीवाले यांच्यापर्यंत जाई. 1726 च्या सुमारास मिडलसेक्सच्या दंडाधिकाऱ्यांनी खास लंडन शहर सोडून आसपासच्या वस्तीतली दारूविक्रीची ठिकाणं मोजली, ती सहा हजारांवर भरली. पुढचा भाग सुपरिचित आहे: 1736 चा 50 पौंडांच्या परवान्याचा कडक कायदा, त्याला न जुमानणारी चोरटी विक्री, खबऱ्यांवर दगडफेक, 1743 मध्ये देशात सुमारे 80 लाख गॅलन दारूवर भरलेला कर, 1751 चं होगार्थचं 'जिन लेन' हे चित्र आणि त्याच वर्षीचा नवा, शहाणा कायदा. या कहाणीत कायदा आणि नीतीची चर्चा भरपूर होते. त्या पेल्यात काय होतं, हे क्वचित विचारलं जातं.

काय होतं ते ॲम्ब्रोज कूपर यानं 1757 मध्ये छापलेल्या 'द कम्प्लीट डिस्टिलर' या पुस्तकात सांगितलं आहे. हा धंद्यातल्या माणसांसाठी लिहिलेला ग्रंथ, धर्मोपदेशकाची पत्रिका नव्हे, म्हणून त्याचं म्हणणं जास्त वजनाचं. चांगल्या जिनिव्हासाठी त्याची कृती अशी: तीन पौंड जुनिपरची फळं, दहा गॅलन प्रमाण दारू (म्हणजे ठरावीक तीव्रतेची, 'प्रूफ'), चार गॅलन पाणी, मंद आच, आणि शेवटची कळकट धार येऊ लागली की थांबायचं. पण दुकानांत विकली जाणारी सामान्य जिन या कृतीनं होत नाही, तिच्यात जुनिपरऐवजी टर्पेंटाइनचं तेल घालतात, हे तो लगेच सांगून टाकतो, आणि लोक हौसेनं असली वस्तू कशी पितात याचं त्याला नवल वाटतं. टर्पेंटाइन म्हणजे चिराच्या झाडाचा डिंक गाळून काढलेलं तेल, आज आपण ज्यानं रंगाचे ब्रश धुतो ते. ते स्वस्त का असावं? माझा तर्क असा, की याचं उत्तर दारूच्या धंद्यात नसून आरमारात आहे. जहाजांना डांबर, राळ, टर्पेंटाइन लागे. ते बाल्टिकच्या देशांवर अवलंबून राहू नये म्हणून पार्लमेंटनं 1705 मध्ये अमेरिकन वसाहतींतून येणाऱ्या या मालाला बक्षिशी देऊ केली, टनामागे टर्पेंटाइनला 3 पौंड. कॅरोलायनाची चिराची जंगलं लंडनच्या गोदीत पिंपांनी उतरू लागली. त्यातलं थोडं तेल गोदीच्या मागच्या गल्लीतल्या भट्टीत गेलं, तर कोण विचारणार?

आता हा बदल पिणाऱ्याला का चालला, याचं उत्तर रसायनशास्त्रानं पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी दिलं. टर्पेंटाइनच्या तेलात अर्ध्याहून जास्त भाग अल्फा-पायनीनचाच असतो. म्हणजे कंपाउंडर फसवाफसवी करत होता, पण ती आंधळी नव्हती. जुनिपरमधला सर्वांत मोठा, सर्वांत आधी नाकाशी येणारा घटक त्यानं दुसऱ्या झाडातून घेतला होता. अठराव्या शतकात हे कुणाला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. 1884 पासून रसायनज्ञ ओटो वालाख यांनी बॉनमध्ये, तिथले प्राध्यापक केकुले यांच्या प्रयोगशाळेच्या कपाटात धूळ खात पडलेल्या सुगंधी तेलांच्या बाटल्यांवर काम सुरू केलं. वेगवेगळ्या झाडांच्या नावांनी ओळखली जाणारी डझनावारी तेलं मूळच्या थोड्याच द्रव्यांच्या मिश्रणातून होतात हे त्यांनी दाखवलं, आणि त्या कामासाठी 1910 चं नोबेल त्यांना मिळालं. या कुळाचं 'टर्पीन' हे नावही टर्पेंटाइनवरूनच पडलेलं. घरगुती उदाहरण द्यायचं तर आरतीत जळणारा बाजारी कापूर पाहावा. त्यातला बराचसा आज टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून कारखान्यात तयार होतो, आणि तो कापराच्या झाडाचा नाही हे आरतीला उभ्या असलेल्या कुणाच्या लक्षात येत नाही. काही जुन्या कृतींत टर्पेंटाइनच्या जोडीला गंधकाम्लही सांगितलं आहे. अल्कोहोलाशी तापवलेलं गंधकाम्ल ईथर देतं, तर आम्लाच्या पाण्यात पायनीनपासून टर्पिनिऑल हे फुलासारख्या वासाचं द्रव्य होऊ शकतं, आणि तेच जुनिपरमध्येही असतं. प्रत्येक भट्टीत हे होत असेल असा माझा दावा नाही. पण आम्ल घातल्यावर वास सुधारतो, असा अनुभव त्या अडाणी हातांना आला असेल, तर त्यामागे कारण होतं.

याच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की कूपरची तीन पौंडांची कृती खरी आहे, मग अठराव्या शतकात जुनिपरची जिन नव्हती असं कसं म्हणता? होती, पण ती वरच्या दर्जाची. कूपर स्वतःच तिला 'सामान्य' जिनपासून वेगळी काढतो, आणि इतिहासात गाजली ती सामान्य जिन. शिवाय त्या चांगल्या कृतीतसुद्धा जुनिपरचं काम काय होतं, ते खालच्या दारूकडे पाहिलं तरच समजतं. तांब्याच्या भांड्यात, म्हणजे गोव्यात फेणीचं भाण असतं त्याच तत्त्वावर, गाळलेल्या धान्याच्या दारूत आयसोअमाइल अल्कोहोल आणि त्याची भावंडं, ज्यांना एकत्रितपणे फ्यूजेल तेल म्हणतात, ती उतरतातच. त्यांचा उत्कलनबिंदू 130 अंशांच्या आसपास आणि साध्या अल्कोहोलाचा 78, तेव्हा ती मागे राहतील असं वाटतं. पण पातळ, पाणीदार दारू तापवताना ती उलट अल्कोहोलापेक्षाही लवकर वाफेत जातात. फेणीत किंवा माल्टवाइनमध्ये काजूचा किंवा धान्याचा वास त्यांना सांभाळून घेतो. घाईत आंबवलेल्या, घाईत गाळलेल्या लंडनच्या दारूत सांभाळून घेणारं काहीच नव्हतं. तिथे तीव्र राळेचा वास हवा होता, आणि तो टर्पेंटाइनही देऊ शकत होतं. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: टर्पेंटाइन विषारी, तर जिननं मारलं ते टर्पेंटाइननं मारलं असं म्हणायला काय हरकत आहे? हा समज लोकप्रिय आहे, पण मापात बसत नाही. वासापुरतं तेल थेंबांनी मोजलं जातं, आणि पाइंटभर स्वस्त दारू रोज पोटात जाते. लंडनमधल्या सेंट जाइल्स या गरीब वस्तीच्या गल्ल्या उद्ध्वस्त केल्या त्या अल्कोहोलानं. आपल्याकडच्या हातभट्टीतल्या नवसागराच्या बोलबाल्यातही अशीच गोष्ट होते. नवसागराचं नाव निघतं, मूळ दारू नामानिराळी राहते.

झाकण म्हणून घातलेल्या तेलाचा एक उपद्रव मात्र विक्रेत्याला सोसावा लागे, आणि तोच माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. टर्पीनं अल्कोहोलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाही. तेलानं भरलेल्या जिनमध्ये पाणी ओतलं की तेलाचे सूक्ष्म थेंब बाहेर पडतात आणि पेला दुधी होतो. पाणी मिसळल्याशिवाय दारूवाल्याला नफा नाही, आणि पाणी मिसळलं की चोरी डोळ्यांना दिसते! 1820 मध्ये फ्रेडरिक ॲकम या लंडनमधल्या जर्मन रसायनज्ञानं अन्नातल्या भेसळीवर पुस्तक लिहिलं. ही गढूळ जिन पुन्हा नितळ करण्यासाठी तुरटी, पोटॅश आणि कधी कधी शिशाचा क्षार वापरतात, साखर घालून पाणचटपणा लपवतात आणि मिरचीसारख्या तिखट मसाल्यानं खोटी तेजी आणतात, हे त्यात उघड झालं. म्हणजे आधी वाईट दारू झाकायला तेल, मग तेल दडवायला शिसं, मग शिशापाठोपाठ साखर आणि तिखट. 'ओल्ड टॉम' म्हणून पुढे ओळखली जाणारी गोडसर जिन या साखळीच्या शेवटाला उभी आहे. तिचा गोडवा ही आवड होती हे खरं, पण आवडी हवेत तयार होत नाहीत. ज्या पदार्थात लपवायचं पुष्कळ असतं, त्याला गोडवा लवकर शोभू लागतो.

साखळी तुटली ती वरच्या टोकाला. 1830 मध्ये ईनिअस कॉफी या निवृत्त आयरिश अबकारी अधिकाऱ्यानं अखंड चालणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं. चोरट्या भट्ट्यांमागे हिंडण्यात ज्याची नोकरीची वर्षं गेली, त्याच्याच हातून दारू गाळण्याची तऱ्हा बदलावी, हा योग मजेशीर आहे. त्याच्या भट्टीत दोन उंच मनोरे. एकात वरून आंबवलेलं पाणी झिरपतं, खालून वाफ चढते, आणि मधल्या सच्छिद्र तबकांवर त्यांची गाठ पडते. दुसऱ्या मनोऱ्यात ती वाफ पुन्हा पुन्हा निवून वर सरकते. प्रत्येक तबक म्हणजे एक छोटं भांडंच, तेव्हा एका फेरीत दारू जणू वीसदा-तीसदा गाळली जाते. शिवाय वर आढळलेला फ्यूजेलचा दगा इथे उलटतो. मनोऱ्याच्या वरच्या भागात, जिथे अल्कोहोल तीव्र असतं, तिथे तेच जड अल्कोहोल मागे रेंगाळतात आणि मधल्या तबकांवर साचतात. तिथून ते बाजूला काढता येतात. 94 टक्क्यांच्या पुढची, जवळजवळ गंधहीन दारू स्वस्तात मिळू लागली. याआधीही लंडनचे रेक्टिफायर क्षार घालून, पुन्हा पुन्हा गाळून दारू साफ करत होतेच, पण भांड्यात दर फेरीला कोळसा जळतो आणि दारू घटते. अशी सफाई चांगल्या गिऱ्हाइकापुरती परवडे, गल्लीतल्या पेल्याला ती पुरत नसे. आता तळाची दारू गप्प झाली. आणि ती गप्प झाल्यावर पहिल्यांदाच टर्पेंटाइन आणि जुनिपर यांच्यातला फरक ऐकू येण्याजोगा झाला, कारण तो फरक पायनीनमध्ये नाही. तो सॅबिनीन, मिर्सीन आणि टर्पिनेन-4-ऑल यांच्या हलक्या कुजबुजीत आहे, आणि फ्यूजेलच्या गोंगाटात ती कुणालाही ऐकू आली नसती.

इथे सर्वांत जोरदार आक्षेप येतो. कॉफीचं पेटंट 1830 चं, आणि साखर न घातलेली 'ड्राय' जिन बाजारात मानानं उभी राहिली ती शतकाच्या शेवटच्या तीसेक वर्षांत. मधे चाळीस वर्षं गेली, मग यंत्राला श्रेय कसं द्यायचं? बदललेली फॅशन, सुकी शँपेन पिणारा मध्यमवर्ग, साखरेचा भाव, यांनीच कोरडी जिन आणली असं का म्हणू नये? साखरेचं कारण तर सरळ खोटं ठरतं. 1846 च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये परदेशी आणि वसाहतीच्या साखरेवरचा कर सारखा करायला सुरुवात झाली आणि 1874 मध्ये साखरेवरचा कर संपूर्ण गेला. जिन सुकी होत गेली ती नेमकी साखर स्वस्त होत असताना. फॅशनचं कारण खोटं नाही, पण ते अपुरं आहे: गोडवा काढून टाकण्याची फॅशन त्याच पदार्थाला परवडते, ज्याला गोडव्याखाली काही लपवायचं नाही. विलंबाचं कारण मला दारूच्या दुकानाच्या तळघरात दिसतं. कारखान्यातून स्वच्छ जिन निघाली तरी पिंप तळघरात उतरलं की दुकानदार तीत पाणी आणि साखर घालत असे, आणि ग्राहकाच्या जिभेला तीच चव ठाऊक होती. 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला आर्थर हिल हॅसल यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकासाठी सूक्ष्मदर्शकानं आणि परीक्षानळीनं लंडनचं अन्न तपासलं, तेव्हा जिनच्या नमुन्यांत पाण्याचं प्रमाण वाटेल तसं बदलत असल्याचं आणि साखर सर्रास असल्याचं आढळलं. यंत्रानं सुधारलेली दारू ग्राहकापर्यंत जशीच्या तशी पोचायला कायदाच लागला. 1875 चा अन्न व औषध विक्री कायदा झाला आणि त्याच्या 1879 च्या दुरुस्तीनं मर्यादा घातली: जिनमध्ये पाणी घाला, पण प्रमाण दारूच्या 35 अंश खालीपर्यंतच. आजच्या मापात ते साधारण 37 टक्के अल्कोहोल होतं. ब्रँडी, व्हिस्की आणि रमला 25 अंशांचीच सूट होती. जिन पातळ विकायची जुनी सवय कायद्यानं मान्य केली, पण तिला तळ दिला.

मग गाळणाऱ्याचं कौशल्य दुसरीकडे वळलं. खालची दारू सगळ्यांची सारखीच, तेव्हा एका कारखान्याची जिन दुसऱ्याहून वेगळी ठरायची ती फक्त वनस्पतींवरून आणि त्या कशा गाळल्या यावरून. टस्कनी, मॅसेडोनिया इथून येणाऱ्या जुनिपरच्या बरोबर धणे, अँजेलिकाचं मूळ, ओरिसचं मूळ, लिंबाची साल हे नेहमीचे भिडू झाले. धण्यातला लिनालूल जुनिपरच्या राळेला उजळपणा देतो. भांड्यातून पहिल्यांदा पायनीन आणि त्याची हलकी भावंडं उतरतात, ऑक्सिजन असलेली मातकट-मसालेदार द्रव्यं मागाहून येतात, आणि धार कुठे तोडायची यावर जिनचा स्वभाव ठरतो. मराठीत 'पहिल्या धारेची' हा कौतुकाचा शब्द आहे. लंडनचा जिनवाला मात्र पहिली धार बाजूला काढतो, कारण तेलाचा भार तिच्यात जास्त असतो आणि ती जिन पाण्यात दुधी होते. काही कारखान्यांनी वनस्पती दारूत बुडवण्याऐवजी वरच्या टोपलीत ठेवून नुसती वाफ त्यांतून सोडली. अशी जिन हलकी, कमी राळेची होते. दीडशे वर्षांपूर्वी ज्या तेलाचा एकच उपयोग होता, त्याचे आता अंशाअंशानं भाग पाडले जात होते. माझ्या लेखी ही जिनची जन्मवेळ आहे. हॉलंडमध्येही याच सुमारास मनोऱ्याची दारू शिरली आणि तिथली माल्टवाइन हळूहळू पातळ होत गेली. डच जाणकारांना त्याचं दुःख झालं, आणि त्यांच्या बाजूनं ते रास्तच आहे, कारण त्यांच्याकडे झाकण्यासारखं नव्हतं, जपण्यासारखं होतं.

कायद्याचं वर्तुळ मात्र अजून पूर्ण व्हायचं आहे. 2008 च्या युरोपीय नियमावलीनं जिनची व्याख्या केली, ती 1729 सारखीच जुनिपरवर: 'जुनिपेरुस कोम्युनिस' या जातीच्या फळांचीच चव, आणि तिचं वर्चस्व असलं पाहिजे, अल्कोहोल किमान 37.5 टक्के, 'लंडन जिन' म्हणवून घ्यायचं तर लिटरमागे 0.1 ग्रॅमहून जास्त साखर नको. साखर मोजता येते, अल्कोहोल मोजता येतं. वर्चस्व कसं मोजायचं हे नियमावलीनं सांगितलं नाही, आणि त्याचं कारण आळस नाही. गॅस क्रोमॅटोग्राफ जिनमधलं अल्फा-पायनीन अगदी दशलक्षांश प्रमाणापर्यंत मोजतो, पण ते जुनिपरमधून आलं की अँजेलिकाच्या मुळातून की धण्यातून, हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही, कारण पायनीन या सगळ्यांत असतं. म्हणून आज बाजारात गुलाब, काकडी, चहा, समुद्रशेवाळ यांनी भरलेल्या, जुनिपर जेमतेम जाणवणाऱ्या जिनवर वाद होतो, तेव्हा यंत्र एका बाजूला सारून चव घेणाऱ्या जाणकारांपुढे पेले ओळीनं मांडले जातात.